पाण्यातली म्हैस आणि बँकेची नोटीस

“ताई, नमस्कार. उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. वय ४३. पंधरा वर्षं पै-पै साठवून २४ लाख झालेत, एफडीत पडून आहेत. फुलेवाडी रिंगरोडला मित्राच्या चुलतभावाचा टू बीएचके आहे. त्याचा धंदा बसला, हप्ते थकले आणि बँकेची साठ दिवसांची नोटीस आली. त्यातले ३५ दिवस संपले. असा फ्लॅट बाजारात ४२ लाखांना जातो, तो ३२ ला द्यायला तयार आहे. बँकेचं देणं साडेसव्वीस लाख. मध्ये एक एजंट आहे. तो म्हणतो, ‘पाच लाख रोख विसार द्या, नोटरी करून साठेखत करू, बँकेचं काय ते नंतर बघू की. उशीर केलासा तर लिलावात जाईल.’ कमी पडणारे आठ लाख बायकोचं सोनं गहाण ठेवून उभे करायचं मी ठरवलंय. ती नाही म्हणते. दुसऱ्याच्या मोडलेल्या संसारावर आपलं घर नको, तळतळाट लागतो, असं तिचं म्हणणं. मी मात्र अमेरिकेतले ‘प्री-फोरक्लोजर’चे, म्हणजे जप्तीआधीच्या घरांचे, व्हिडिओ बघतोय, तिथं लोक वर्षाला चार-चार घरं अशी घेतात. हा फ्लॅट घेऊ का? आणि पुढं हाच जोडधंदा करू का?”
— एक वाचक, कोल्हापूर

दादा,

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धार समोर काढल्याशिवाय आपण दुधाला हात लावत नाही. आणि तुम्ही ३२ लाखांचं घर एजंटाच्या तोंडच्या शब्दावर घ्यायला निघालाय. म्हैस पाण्यात आहे, शिंगं तेवढी दिसतायत, आणि मोल ठरवून मोकळे.

आधी तातडीचं सांगते. ते पाच लाख देऊ नका. रोख तर नाहीच, चेकनेही नाही. बँकेचा लेखी होकार हातात पडेपर्यंत एक रुपया नाही.

कारण असं. तुमच्या मित्राच्या भावाला जी नोटीस आलीय ती २००२ च्या सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकांना तारण विकून कर्ज वसूल करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३ (२) खालची असणार. हप्ता ९० दिवसांवर थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं, धरलं जातं आणि मग ही साठ दिवसांची नोटीस निघते. लोक नोटिशीतला आकडा वाचतात आणि कागद कपाटात टाकतात. पण त्याच कलमाला तेरावं पोटकलम आहे. ही नोटीस मिळाल्यानंतर कर्जदाराला ते तारण बँकेच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही. याच कायद्याच्या कलम २९ मध्ये तरतुदींचा भंग करणाऱ्याला आणि त्याला साथ देणाऱ्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही सांगितलंय. तेव्हा ‘बँकेचं नंतर बघू’ हे वाक्य एजंट म्हणतो तेवढं हलकं नाही. बँकेचंच आधी बघायचंय. मालकाची सही लागते, पण लिलावाच्या आधीचं घर खऱ्या अर्थाने बँकेकडूनच सोडवून घ्यायचं असतं.

मी एका बँकेच्या वसुली विभागात एकोणीस वर्षं काढली. (बाई माणूस वसुलीला? हो, आणि दार लवकर उघडायचं, हा फायदा.) एका दुपारी ताबा नोटीस चिकटवायला आम्ही एका घरी गेलो होतो. एक गृहस्थ स्कूटरवरून घाईघाईने आले. डिकीतून प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीतून फाइल, फाइलमधून शंभराच्या स्टॅम्पवरचा कागद. चार लाख रोख विसार दिल्याचा, खाली नोटरीचा लाल शिक्का. “मॅडम, हे घर मी घेतलंय.” आमच्या साहेबांनी कागद उभ्याउभ्या वाचला, होता त्याच घडीवर घातला आणि परत दिला. ते गृहस्थ बोलत राहिले. आमच्या शिपायाने डिंकाची बाटली त्यांच्याच स्कूटरच्या सीटवर ठेवून भिंतीला नोटीस लावली. पुढं घर लिलावात गेलं. चार लाख घेतलेला कर्जदार तोवर गाव सोडून गेला होता. तो फसवणारा होता असं मला आजही वाटत नाही. बुडणाऱ्या माणसाच्या हातात पैसे आले की ते सगळ्यात जोरात दार वाजवणाऱ्याकडे जातात, बँकेकडे जात नाहीत, एवढंच.

रोखीचं अजून एक. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त विसार रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा. तो घेणाऱ्यावर पडतो. म्हणजे आधीच गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाच्या डोक्यावर तुम्ही आणखी पाच लाखांचा धोंडा ठेवणार, आणि तुमच्या हातात राहणार तो नोटरीचा कागद. त्याने मालकी तर येत नाहीच, बँकेच्या दारात उभं राहायलाही जागा मिळत नाही.

आता एजंटाने दाखवलेली लिलावाची भीती. उद्या सकाळी लिलाव होत नसतो. साठ दिवसांतले पंचवीस अजून आहेत. त्यानंतर बँक बहुधा आधी कागदोपत्री ताबा घेईल, तशी नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापून येईल, मूल्यांकन होईल, आणि मग पहिल्या विक्रीसाठी ३० दिवसांची नोटीस. पण म्हणून निवांत बसायचं नाही, कारण खरी रेघ लिलावाच्या दिवशी नाही, त्याच्या आधी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कर्जदाराचा पैसे भरून घर सोडवून घ्यायचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. जाहिरात छापून आली की तुमचा आणि त्याचा आपसातला सौदा विसरायचा. लिलावात उतरायचं तर उतरा, पण तिथं बोली लागली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी २५ टक्के भरावे लागतात, उरलेले सर्वसाधारणपणे १५ दिवसांत. घर ‘जसं आहे, जिथं आहे’ या तत्त्वावर. आत माणसं राहत असतील तर त्यांना बाहेर काढायचा प्रश्न कधीकधी जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जातो. २४ लाखांच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

बँक सहकारी असेल तर ‘त्यांना हा कायदा लागत नाही’ असं सांगणारे अजून भेटतात. लागतो. आपल्या कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणातच ५ मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सहकारी बँकांनाही सरफेसी लागू असल्याचा निकाल दिलाय. पतसंस्थेची गोष्ट वेगळी. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढते आणि तिचा वसुली अधिकारी नियम १०७ प्रमाणे मिळकत जप्त करून विकतो. हे मी उगाच सांगत नाही. तुमच्या माणसाचा धंदा बसलाय म्हणता. धंदा बसलेल्या माणसाचं कर्ज एका ठिकाणी असलं तर मला नवल वाटेल. गृहकर्ज बँकेचं, वर पतसंस्थेचं काही, मेव्हण्याचे हातउसने, आणि याच फ्लॅटच्या तारणावर वाढवून घेतलेलं कॅश क्रेडिट. तुम्हाला सांगितलेले साडेसव्वीस लाख हे फक्त गृहकर्ज आहे की सगळं मिळून, हे विचारलंत का?

नसेल, तर तिथून सुरुवात. त्याला सोबत घेऊन शाखेत जा, कारण त्याच्या संमतीशिवाय त्याच्या खात्याची माहिती तुम्हाला मिळणार नाही, मिळूही नये. बँकेकडून एक पत्र हवं. अमुक तारखेला येणं इतकं, पुढं रोजचं व्याज इतकं. याच तारणावर दुसरं कुठलंही कर्ज किंवा जामीनकी उभी नाही. मूळ कागद कुठले कुठले बँकेत आहेत, त्यांची यादी. आणि एवढी रक्कम भरल्यावर तुमच्या नावाने विक्री करायला बँकेची हरकत नाही. या पत्राला बँकेत बहुतेक ‘फोरक्लोजर लेटर’च म्हणतील, आणि इथं तुमच्या व्हिडिओंचा गोंधळ होतो. आपल्याकडे बँकेच्या काउंटरवर फोरक्लोजर म्हणजे कर्ज मुदतीआधी फेडून टाकणं. तुम्ही जाऊन ‘फोरक्लोजरमधली घरं दाखवा’ म्हणालात, तर समोरचा मुलगा तुमचाच कर्ज खाते क्रमांक विचारेल. अमेरिकेत तो शब्द जप्तीचा आहे. तिथं साधारणपणे १२० दिवसांच्या थकबाकीशिवाय जप्तीची पहिली कारवाईच सुरू करता येत नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात मग थकबाकीची नोटीस सरकारी दप्तरात नोंदवली जाते आणि पुढं तीन महिने थांबावं लागतं. दप्तर सगळ्यांना खुलं, त्यामुळे अशा घरांच्या याद्याच विकत मिळतात, आणि त्यावर तो धंदा चालतो. आपल्याकडे साठ दिवसांची नोटीस ही बँक आणि कर्जदार यांच्यातली गोष्ट. बाहेर कळते ती ताब्याची नोटीस पेपरात आल्यावर, किंवा असा मित्राचा चुलतभाऊ असेल तर.

पत्र मिळालं की वकील. एजंटाचा नको, तुमचा. ३० वर्षांचा शोध अहवाल, मालमत्ता पत्रकावरचा बोजा, सरसाईच्या, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदणीच्या, वहीतली नोंद, आणि ‘पुढारी’सारख्या इथल्या वाचल्या जाणाऱ्या पेपरात जाहीर नोटीस. जाहीर नोटिशीला लोक नुसता उपचार समजतात. मी त्या चौकटीतल्या चार ओळींवरून तीन-तीन पतसंस्था उठून आलेल्या पाहिल्यात. आल्या तर बरंच, खरेदीनंतर येण्यापेक्षा.

मग व्यवहार तिघांचा करायचा, तुम्ही, तो आणि बँक. बँकेचं संमतिपत्र जोडून रीतसर स्टॅम्प भरलेलं, नोंदणी केलेलं साठेखत. त्यात स्पष्ट लिहायचं की मोबदल्यातले इतके लाख खरेदीदार थेट कर्ज खात्यात भरेल. भरायचे ते डीडीने किंवा आरटीजीएसने, त्याच्या बचत खात्यात नव्हे. बँकेने पैसे मिळाल्याचा, येणं बाकी नसल्याचा दाखला दिला, गहाण सोडल्याचा दस्त केला, की खरेदीपत्र आणि उरलेली रक्कम त्याला. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायला बँका बांधील आहेत. त्यांच्याकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. एवढ्यावर थांबू नका. सरसाईवरची नोंद गेली का, मालमत्ता पत्रकावरचा बोजा उतरला का, ते स्वतः बघा. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी बोजा तसाच, असे उतारे काय कमी आहेत?

सह्यांचंही बघा. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असेल तर दोघांच्या. तिला या सौद्याचं माहीत आहे का, हे एकदा तिच्या तोंडून ऐका. मला असे किती नवरे भेटलेत, ज्यांच्या घरात नोटिशीचा पत्ताच नव्हता.

आता दहा लाखांचा फायदा, ज्याने तुम्हाला झोप येत नाहीये. कागद घ्या. समजा त्या फ्लॅटचं रेडीरेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, मूल्य ३७ लाख निघालं. तुम्ही देणार ३२. स्टॅम्प ड्युटी लागणार ३७ वर, महापालिका हद्दीत साधारण ६ टक्के, म्हणजे २ लाख २२ हजार. नोंदणी फी ३०,०००. आणि हे बहुतेकांना माहीत नसतं, की सरकारी मूल्य आणि तुमची किंमत यातला फरक किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त झाला तर तो अख्खा फरक तुमचं उत्पन्न धरला जातो. इथं फरक पाच लाखांचा, मर्यादा तीन लाख वीस हजार. म्हणजे पाच लाख तुमच्या उत्पन्नात. आयकराच्या वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर लाखभर कर. एजंटाचे दोन टक्के, ६४,०००. हे झाले ३६ लाख १६ हजार. सोसायटीची थकबाकी, घरफाळा, पाणीपट्टी, लाइटबिल अजून यायचंय, आणि ज्याचे हप्ते थकले त्याचा घरफाळा भरलेला असतो असं कुणाला वाटत असेल तर वाटो. सोन्यावरच्या आठ लाखांचं व्याज वेगळं. दोन वर्षांच्या आत विकलंत तर नफ्यावर तुमच्या टप्प्याप्रमाणे कर. दहाचे चार-पाच झाले की नाही? चार-पाचही वाईट नाहीत. पण ते दहा समजून सोनं गहाण टाकू नका. खरेदी वहिनींच्या नावाने केलीत तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते, ३७,००० वाचतील. अर्थात त्यासाठी आधी त्यांचा होकार लागेल.

आणि फुलेवाडीच्या बाजूचं घर आहे तर एक कुठल्याच कागदावर नसलेलं काम. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते खालच्या किराणा दुकानदाराला विचारा. मालकाला नको, एजंटाला तर नकोच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की त्या इमारतीतले लोक गाड्या कुठं हलवतात, एवढं विचारलंत तरी कळेल. पूररेषेचा नकाशाही बघा. पार्किंगच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीला नवा रंग दिसला तर खाली वाकून रंगाचा वास घ्या.

वहिनींचं म्हणणं तुम्ही पत्रात दोन ओळींत उरकलंत. माझ्या मते सगळ्या पत्रात तेच जास्त कामाचं आहे. तळतळाट किमतीवर ठरतो, घर विकण्यावर नाही. लिलावात त्याचं घर गेलं तर वरून खर्च, व्याज, आणि राखीव किमतीच्या आसपास बोली लागली तर त्याच्या हातात जवळजवळ काही उरणार नाही. तुमच्या सौद्यात त्याला साडेपाच लाख मिळतील, तेही वेगळी देणी निघाली नाहीत तर. तो स्वतः बँकेच्या परवानगीने दोन महिने बाजारात गिऱ्हाईक शोधू शकला तर कदाचित ३७-३८ मिळतील. हे त्याला सांगा. सांगितल्यावरही तो ३४-३५ ला, लगेच पैसे मिळतात म्हणून, तुम्हालाच देणार असेल तर तो स्वच्छ व्यवहार. मला विचाराल तर ३२ ला घेऊ नका. वर काढलेला कराचा हिशेब बघितलात तर ३४ ला फरक १० टक्क्यांच्या आत येतो आणि तो लाखभर करही टळतो. म्हणजे दोन लाख त्याला जास्त दिलेत, त्यातला एक तुमच्याकडे परत आला.

बँक एकरकमी तडजोडीला तयार झाली, समजा २६.५ चे २४ केले, तर ते वाचलेले अडीच लाख कुणाचे, हा वाद हमखास होतो. एजंट म्हणेल तुमचे. माझ्या मते त्याचे. सिबिलवर ‘सेटल्ड’चा डाग त्याच्या नावावर पडणार आहे, पुढची काही वर्षं त्याला कुणी दारात उभं करणार नाही. तुमच्या नावावर काही पडत नाही.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा, मग ती त्यानेच हात जोडून मागितली तरी. ‘घर तुमच्या नावावर करून घ्या, मी भाडं देऊन इथंच राहतो, दोन वर्षांत पैसे जमले की परत माझ्या नावावर करा.’ तुमच्या व्हिडिओंत याला फार गोंडस नाव असेल. आपल्या आज्या-पणज्यांना हे मुदतखरेदी म्हणून माहीत होतं, आणि त्यात कुणाच्या जमिनी कुणाकडे गेल्या तेही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात विनापरवाना सावकारीतून अशी मिळकत गेली असेल तर जिल्हा निबंधक तो दस्त अवैध ठरवून मिळकत कर्जदाराला परत देऊ शकतात. तुम्ही मदत म्हणून केलेलं असेल. चौकशीत ‘भाडं’ व्याजासारखं दिसतं. खरेदी असेल तर खरेदीच, ताबा रिकामा, आणि त्याला दुसरीकडे बिऱ्हाड करायला महिना-दीड महिना. ताबा मिळेपर्यंत लाखभर हातात राखून ठेवा, आणि ते साठेखतात लिहा.

जोडधंद्याचं विचारलंत. नको. तुमच्याकडे एका घराचे पैसे आहेत, तेही सोन्यासकट. एखादं प्रकरण कर्ज वसुली न्यायाधिकरणात अडकलं की भांडवल अडकलं, आणि लेथवर बिलं थकली तर माल कुठून आणणार? शिवाय अशा घरांचा वास काढत फिरायची सवय लागली की माणूस पेपर मागच्या पानापासून वाचायला लागतो. मी एकोणीस वर्षं तसाच वाचला, पगार घेऊन.

हा एक फ्लॅट मात्र, पत्र स्वच्छ आलं, पाण्याचा प्रश्न नाही आणि सोनं घरातच ठेवून जमत असेल, तर जरूर बघा. २४ तुमचे, उरलेल्यासाठी नव्या बँकेचं गृहकर्ज. ती बँकही स्वतःचा वकील लावेल, म्हणजे तुमच्यावर अजून एक डोळा फुकटात.

सोमवारी सकाळी त्याच्याकडून नोटिशीची झेरॉक्स घ्या, तारीख बघा, आणि दोघं मिळून शाखेत जा. एजंटाने नोटरीसाठी पाचशेचा स्टॅम्प आधीच आणून ठेवला असेल, तर तेवढे पाचशे त्याला देऊन टाका.